श्रमदानाला माणसं जमवताना या चुका टाळा

देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं की गाव पाणी अडवायचे चर खणायला टिकाव घेऊन डोंगरावर येईल, हा समज सोडा.

माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही तेच केलं होतं. पहिल्या सकाळी दीडशे माणसं हजर आणि टिकाव फक्त बावीस! त्यात सलग समतल चरांची, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणायच्या चरांची, आखणीच झालेली नव्हती. ए-फ्रेम, म्हणजे समान पातळी शोधायची चौकट, घेऊन आम्ही दोघं उतारावर पळत होतो आणि माणसं बांधावर बसून होती. पुढाऱ्यांचे फोटो तेवढे झाले. पाचव्या दिवशी उरली अकरा माणसं. एक आजी म्हणाल्या, "लेकरा, रोज बुडवून आले, ते काय बसायला?" त्यांचं खरंच होतं.

तेव्हापासून आदल्या संध्याकाळी चुन्याची फक्की मारून आखणी पुरी झाल्याशिवाय मी कुणाला बोलावत नाही. चार माणसांमागे एक टिकाव, एक फावडं, दोन घमेली. अवजारं वीस जणांची असतील तर वीसच माणसं, बाकीच्यांना दुसरा दिवस. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल, माती उताराच्या खालच्या बाजूला. जोडीला तीन मीटर नेमून द्यायचे. आपला तुकडा पुरा झालेला बघून गेलेला माणूस परत येतो.

२०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांत वॉटर कप ही पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा गावातल्या लोकांना आधी प्रशिक्षण होतं, मग कुदळ. नवे कार्यकर्ते गर्दीचे व्हिडिओ बघतात आणि हा भाग गाळतात. या घाईचा मला मनापासून राग येतो.

बायकांना वेळ न विचारता सकाळी सहाची हाक देऊ नका. ती पाणी भरायची वेळ. बचत गटाच्या बैठकीत जाऊन त्यांनाच वेळ ठरवू द्या.

एकाच भावकीच्या ओट्यावर यादी करू नका, अर्धं गाव तिथेच तुटतं.

राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर सात दिवसांचं. आठव्या दिवशी कोण येणार, ते शिबिराआधी ठरवा.

व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे. मी रात्री जेवणं उरकल्यावर दारोदार जातो. एका रात्रीत दहाच घरं होतात, पण माणूस तोंडावर हो म्हणाला की बहुधा येतो. नाही आला, तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच्याच घरी. कांदा काढणी असते, घरात आजारपण असतं. ते ऐकून घ्यायचं आणि त्याला जमेल तो दिवस वहीत लिहून घ्यायचा.