अ‍ॅप बाहेरून घ्यायचंय? आधी हे करा

तुळशीचं लग्न लागलं की गोव्यात पत्रिकांचा हंगाम सुरू होतो, आणि डिचोलीतल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात "पत्रिका उघडत नाही गो बाय" म्हणत माणसं येऊ लागतात. गेल्या मोसमात एक काका आले. भाच्याच्या नंबरावरून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आलेली. नाव लग्नपत्रिका, शेवट मात्र 'डॉट एपीके'. भाच्याला फोन लावला, तर त्याने काही पाठवलंच नव्हतं. त्याचं व्हॉट्सअ‍ॅपच दुसऱ्याच्या हाती गेलेलं.

एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं अ‍ॅप. फोटो किंवा पीडीएफ उघडायला फोन कधी 'इन्स्टॉल करू का' असं विचारत नाही. विचारलं, की तिथेच थांबा.

म्हणून प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप घेऊच नये असं मी म्हणत नाही. अँड्रॉइडची ही मोकळीक मला मनापासून आवडते. चोर्ला घाटात रेंज जाते, तिथे मी ऑर्गॅनिक मॅप्सचे आधी उतरवून ठेवलेले नकाशे वापरते. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरही आहे, पण मी एफ-ड्रॉइडवरून घेतलं. 2010 पासून चालणारं हे भांडार फक्त मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता येतो अशी अ‍ॅप्स ठेवतं.

तसं घ्यायचं असेल तर पत्ता स्वतः टाइप करून मूळ साइटवर जा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. फाइल उघडली की फोन त्या ब्राउझरला परवानगी मागेल. द्या, अ‍ॅप बसवा आणि लगेच परवानगी काढून घ्या. हे शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. अँड्रॉइड 8 पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी असते: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स'. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधात 'अननोन' लिहा. यादीत व्हॉट्सअ‍ॅपसमोरचं बटण बंदच हवं, कायमचं. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप्स तपासणारी गूगलची सोय, बंद करा असं अ‍ॅपच सांगत असेल, तर ते अ‍ॅप नको.

बसवल्यावर ते काय मागतं ते बघा. नकाशाला लोकेशन लागतं, एसएमएस कशाला? एसएमएस वाचता आले की बँकेचा ओटीपी गेलाच. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' तर त्याहून घातक, कारण त्यातून स्क्रीन वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. अँड्रॉइड 13 पासून बाहेरच्या अ‍ॅपला ही परवानगी देताना फोन 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' म्हणून अडवतो. तो अडथळा काढायला कुणी फोनवरून शिकवू लागलं तर फोन ठेवा.

आयफोनवाल्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. आपल्याकडे सर्वसाधारण वापरात अ‍ॅप स्टोअर हाच रस्ता. दुसरी अ‍ॅप दुकानं युरोपीय संघात मार्च 2024 पासून सुरू झाली, कायद्यामुळे. तरी सेटिंग्ज, जनरल, 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' इथे अनोळखी प्रोफाइल (फोनच्या सेटिंग्ज बदलू शकणारी फाइल) दिसलं तर काढून टाका.

आणि चुकून इन्स्टॉल झालंच, तर आधी एअरप्लेन मोड, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. मग अ‍ॅप काढा. 'अनइन्स्टॉल' दाबता येत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' (फोनवर खास अधिकार मिळालेल्या अ‍ॅप्सची यादी) शोधा, तिथली त्याची खूण काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.