उन्हाळ्यातील सायकल फेरीसाठी रस्त्याची पाहणी करताना या चुका टाळा

सायकलवरून गटाने फेरी काढण्यापूर्वी कोणीतरी पुढे जाऊन रस्ता पाहून यावा, ही पद्धत चांगलीच आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत फेरीत जे त्रास होतात, त्यांतील बरेचसे अपुऱ्या पाहणीमुळे होतात. उदाहरणादाखल दिवे घाट चढून सासवड, तेथून नारायणपूर, कापूरहोळ आणि जुन्या कात्रज घाटाने पुण्यात परत, ही नव्वद-शंभर किलोमीटरची फेरी घेऊ.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ही पाहणी मोटारसायकलवरून किंवा गाडीतून करणे. इंजिनाला न जाणवणारा लांबलचक चढ पायांना जाणवतो, आणि दुपारनंतर पुणे परिसरात बहुधा पश्चिमेकडून सुटणारा वारा नारायणपूरहून कापूरहोळकडे येताना थेट छातीवर घ्यावा लागतो, हे गाडीत बसून कळत नाही. पाहणी सायकलनेच करावी, फेरी ज्या दिशेने काढायची त्याच दिशेने करावी, आणि गटातील सर्वांत सावकाश चालवणारा माणूस जेथे ज्या वेळी पोहोचेल, तेथे त्याच वेळी आपण असावे.

वेळेचा आग्रह धरण्याचे कारण सावली हे आहे. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. सकाळी सात वाजता रस्ताभर सावली पसरून उभा असलेला कडुलिंब त्या दिवसांत बारा वाजता आपली सावली बुंध्याभोवती गोळा करून बसतो. वडाची रस्त्यावर आडवी गेलेली फांदी मात्र भर दुपारीही डांबरावर सावली धरते. त्यामुळे वहीत ‘झाडे आहेत’ एवढीच नोंद पुरत नाही. कोणत्या झाडाखाली दहा माणसे सायकलींसह उभी राहू शकतील, हे लिहावे लागते. दिवे घाटाच्या चढावर असा आसरा जवळपास नाहीच, म्हणून तो घाट ऊन चढण्याआधी मागे पडला पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत जुन्या नोंदींवर विसंबू नये. फेब्रुवारीत भरभरून पाणी देणारा हापसा मे महिन्यात कोरडा पडतो, हे मी बाटल्या रिकाम्या झाल्यावर अनुभवले आहे. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागेल असे धरावे, परंतु तासन्‌तास केवळ साधे पाणी पीत राहणेही बरे नव्हे, कारण घामावाटे मीठही जाते. ओआरएसची एक लिटरची पुडी ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ओतण्याची सवय मोडावी. ते पाणी अधिक खारट होते आणि पोटात मळमळते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा.

उन्हात टायर फुटेल या भीतीने हवा बरीच कमी करणारे अनेक जण भेटतात. तापमान २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले तरी ८० पीएसआयचा दाब साधारण ८६ पर्यंतच वाढतो. हवा कमी केल्याने मात्र खड्ड्यात रिम आदळून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. रिमवर ब्रेक लागणारी सायकल असेल, तर घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये. रिम तापते आणि ट्यूबचे ठिगळ सुटू शकते. या भागातील खरा शत्रू बाभळीचा काटा आहे. नवी ट्यूब घातली आणि दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, तर दोष बहुधा ट्यूबचा नसतो. काट्याचे मोडलेले टोक टायरमध्येच रुतलेले असते. टायरच्या आतून फडके फिरवावे. ते जेथे अडकेल तेथे बाहेरून टायर वाकवून टोक चिमट्याने काढावे. बोटाने चाचपू नये.

हँडलवर उन्हात ठेवलेला मोबाइल तापून बंद पडू शकतो, तेव्हा वळणे कागदावरही लिहून घ्यावीत.

सर्वांत घातक गैरसमज असा की, घाम येत असेल तर उष्माघात नव्हे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असतानाही शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर ‘थोडे बसेल, बरे वाटेल’ म्हणून थांबू नये. त्याला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. रस्त्यात मोबाइलची रेंज कोठे जाते आणि पुन्हा कोठे येते, हे पाहणीतच टिपून ठेवलेले असेल, तर मदतीसाठी कोणत्या दिशेने जायचे हे त्या घटकेला शोधत बसावे लागत नाही.