एसजीपीटी वाढलंय? आधी या चुका टाळा

सिडकोतल्या एका लॅबमध्ये मी अठरा वर्षं रक्त काढतेय. रिपोर्ट हातात पडला की लोक काउंटरवरच ठळक छापलेला आकडा शोधतात आणि विचारतात, "ताई, लिव्हर खराब झालं का?"

एकच आकडा वाचून घाबरणं ही मला रोज दिसणारी चूक. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींमधली एन्झाइम्स; पेशींना इजा झाली की ती रक्तात वाढतात. एसजीपीटी मुख्यतः यकृतात असतं, पण एसजीओटी स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींतही असतं. सातपूरचा एक बावीस वर्षांचा मुलगा आला होता. एसजीओटी 240, एसजीपीटी 85; बिलिरुबिन (कावीळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य) आणि जीजीटी (यकृताच्या तपासणीतलं आणखी एक एन्झाइम) नॉर्मल. आईने कावीळ समजून तेल-तूप बंद केलं, माळ आणून गळ्यात घातली, दोन वेळा गुळवेलीचा काढा सुरू केला. पोरगा मात्र खुर्चीतून उठताना मांड्या धरत होता. "काय केलंस रे?" विचारलं, तर चार दिवसांपूर्वी जिम लावलेली आणि पहिल्याच दिवशी तीनशे बैठका! डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) करायला सांगितलं, ते हजारांत निघालं. दुखणं स्नायूंचं होतं. व्यायाम थांबला, काढाही थांबला. तीन आठवड्यांनी एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही चाळिशीच्या आत, म्हणजे नॉर्मल.

काढ्याचा मला खरंच राग येतो. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. "नैसर्गिक आहे, काय होतंय" म्हणून यकृतावर आणखी ओझं टाकू नका. डिटॉक्सच्या पावडरीही नकोत.

दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये धावू नका. नवी इजा थांबली तरी एसजीपीटी निम्मं व्हायला साधारण दोन दिवस लागतात.

दारू लपवू नका. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट दिसलं की डॉक्टर तेच विचारणार.

टीबीच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मी प्रत्येकाला फॉर्मच्या मागे लिहायला लावते: गेल्या महिनाभरातल्या सगळ्या गोळ्या, तापासाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलसकट, काढे, प्रोटीन पावडर, व्यायाम. तो कागद रिपोर्टसोबत डॉक्टरांकडे न्या.

आणि डोळे पिवळे, लघवी गडद, सतत उलट्या किंवा माणूस गुंगीत, बरळतोय असं असेल, तर रिपोर्टची वाटही पाहू नका. थेट हॉस्पिटल गाठा.