ओपीजी कुठंय?

ओरल पॅथॉलॉजीला, म्हणजे तोंडाच्या रोगांचं निदान करणाऱ्या शाखेला आलात की पहिले काही महिने मायक्रोस्कोप सोडवत नाही. माझंही तेच. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एमडीएसचं (डेंटलमधल्या पदव्युत्तर पदवीचं) पहिलं वर्ष. ठाण्याहून सकाळची नेरूळ लोकल पकडून यायचो आणि थेट स्लाइडवर बसायचो.

तेव्हाची एक केस. पन्नाशीतल्या मावशी, खालच्या दाढेपाशी हिरडीवर सुपारीएवढी जांभळट गाठ. मिठाच्या गुळण्या करून झालेल्या. सर्जरीवाल्यांनी तुकडा पाठवला. स्लाइडवर ढीगभर केंद्रकं असलेल्या जायंट सेल्स, मध्ये रक्तस्राव, त्या रक्तातल्या लोहाचं तपकिरी हिमोसिडरिन. मी ठोकून लिहिलं, ‘पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा’, म्हणजे हिरडीतूनच उगवलेली गाठ.

मॅडमनी स्लाइडला हातही लावला नाही. ‘ओपीजी कुठंय?’ ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. फॉर्मवरचा एक्स-रेचा रकाना कोराच होता, आणि मला तो खटकलाही नव्हता.

ओपीजी आला. गाठ हिरडीची नव्हतीच. जबड्याच्या हाडातून बाहेर आलेली. शिवाय दातांच्या मुळांभोवतीची पांढरी रेघ, लॅमिना ड्युरा, सगळीकडेच पुसट. मॅडमनी मावशींना बोलावून विचारलं, ‘मुतखड्याचा त्रास?’ ‘दोनदा झालाय की! पण त्याचा दाताशी काय संबंध?’ रक्तात कॅल्शियम वाढलेलं (म्हणूनच मुतखडे), मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन पीटीएचही. म्हणजे ही ग्रंथी जादा काम करते त्या हायपरपॅराथायरॉइडिझममधला, हाडात होणारा ब्राउन ट्यूमर. जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि हा, मायक्रोस्कोपखाली दोघे सारखेच. उपचार मात्र जबड्यावर नाही, मानेतल्या ग्रंथीवर. माझा रिपोर्ट तसाच गेला असता तर मावशींचा जबडा खरवडला गेला असता आणि मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

तेव्हापासून वय, जागा, एक्स-रे आधी, स्लाइड नंतर. शाळकरी मुलगी, वरचा सुळा आलेलाच नाही, त्याच्याभोवती काळी पोकळी: एओटी, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींचा एक ट्यूमर, डोक्यात यायलाच हवा. खालच्या जबड्यात मागे साबणाच्या फुग्यांसारखं दिसलं की अमेलोब्लास्टोमा, तोही अशाच पेशींचा ट्यूमर. पण केरॅटोसिस्ट, म्हणजे जबड्यातली एक पोकळ गाठ (सिस्ट), तोही तसा दिसू शकतो. या केरॅटोसिस्टला २००५ मध्ये डब्ल्यूएचओने ट्यूमर ठरवलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये ढकललं, तेव्हा सीनियरच्या झेरॉक्स नोट्स जपून वाचा.

आणखी एक. तुकडा खोकल्याच्या औषधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत येतो. आत जाताना मऊ असतो, फॉर्मलिनमध्ये कडक होतो आणि मग बाहेर निघत नाही. सर्जरीवाल्यांना रुंद तोंडाची बरणी आपणच नेऊन द्यायची. सोबत कोरे फॉर्मही. मी एक्स-रेच्या रकान्याभोवती लाल पेनने चौकट आखून देतो.