कटरच्या बारला तेल येत नाही? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या बागा आडव्या झाल्या आणि आमच्या घरात चेनसॉ, म्हणजे आपला कटर, आला. पडलेले माड, आंब्याची कलमं कापायला शिकलो. बारच्या, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, तेलाकडे मात्र कुणी बघितलं नाही. एक दिवस साखळीतून धूर आला, बारची कड निळसर पडली. ‘पंप गेला’ म्हणून नवा बसवून घेतला, तरी तेल नाहीच. शेवटी दोष निघाला बारच्या भोकात, तिथे भुसा घट्ट बसला होता.

म्हणून पंपापासून सुरुवात करू नका. आधी बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उठली तर सगळं ठीक. नाही उठली तर मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, मग बार उतरवा. बारची खाच पातळ पत्र्याने खरवडा, तेलाचं भोक तारेने मोकळं करा. ओल्या फणसाच्या बाबतीत तर हे हवंच. त्याचा चीक भुशात मिसळला की लुकण तयार होतं. (फणस फोडताना हाताला तेल लावायचं आपल्याला सुचतं, बारचं कोण बघतो!) आता बार न लावता झाकण परत बसवून मशीन थोडा वेळ चालवा, बंद करून आत बघा. तेलाच्या तोंडाशी ताजं तेल दिसलं तर पंप शाबूत आहे.

तिथेही कोरडं असेल तर तेलाच्या टाकीचं बूच थोडं सैल करून पुन्हा बघा. बूच सैल केल्यावर तेल येत असेल तर टाकीत हवा जायची वाट बुजली आहे. तसं नसेल तर वाकवलेल्या तारेने आतली नळी बाहेर ओढा. तिच्या टोकाची जाळी पेट्रोलमध्ये धुवा. नळी चिरलेली किंवा फुगलेली असेल तर बदला.

तेल कुठलं घालता यावर बरंच अवलंबून आहे. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यातले लोखंडाचे कण पंप आणि बार दोन्ही खातात. घरचं खोबरेल घालणारेही पाहिलेत. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे पौषातल्या सकाळी टाकीत थिजलेला गोळा! बारसाठीचं चिकट तेल मिळालं नाही तर नवं, जाडसर इंजिन ऑइल तात्पुरतं चालतं.

साखळीचा ब्रेक लावलेला असताना रेस देऊ नका. क्लच तापतो आणि काही मशीनमध्ये पंप फिरवणारं प्लॅस्टिकचं गिअर वितळतं. ते बदलायला क्लच काढावा लागतो आणि बहुतेक मशीनमध्ये त्याचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा डावीकडे फिरवाल तर आणखी आवळेल.

रात्री मशीनखाली चमचाभर तेल सांडलं तर घाबरू नका. पेट्रोलची टाकी संपते तेव्हा तेलाचीही तळाशी आलेली असावी. ती भरलेलीच दिसली, तर कापणं तिथेच थांबवा.