मिनिमम बॅलन्सचे कापलेले पैसे परत मागताय? या चुका टाळा

मी बडोद्यात अकाउंट्सचं काम करतो, त्यामुळे खात्यातून दंड कापला गेला की ओळखीतले लोक पासबुक घेऊन घरी येतात आणि दर वेळी त्याच चुका करून आलेले असतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे खातं मायनसमध्ये दिसलं की घाबरून आधी पैसे भरायचे. माझा भाचा इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला होता, नोकरी सोडली पण पगाराचं खातं तसंच राहिलं, पगार यायचा बंद झाल्यावर बँकेने ते साधं सेव्हिंग करून टाकलं आणि खात्यात किमान दहा हजार ठेवायची अट लागू झाली. खात्यात होते १६०० रुपये. दर महिन्याला ५०० दंड, वर १८ टक्के जीएसटीचे ९०, म्हणजे ५९० कापले जायचे, आणि सात महिन्यांनी खातं मायनस २५३०! दांडिया बाजारातून त्याचा फोन, "मामा, मशीनमध्ये तीन हजार भरून टाकतो, कटकट नको." म्हटलं हात लावू नकोस, पासबुक छापून घे आणि घरी ये.

कारण रिझर्व्ह बँकेचं नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं. बॅलन्स कमी झाला की बँकेने आधी कळवायचं, भरायला किमान एक महिना द्यायचा, दंड जेवढी तूट त्या प्रमाणात लावायचा, आणि नुसत्या या दंडापायी सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाऊ द्यायचं नाही. म्हणजे ते २५३० तो देणं लागतच नव्हता, आणि भरले असते तर तेच परत मागत बसला असता.

दुसरी चूक, काउंटरवर तोंडी बोलून घरी येणं. हाच भाचा आधी तीनदा जाऊन आला होता, दर वेळी उत्तर एकच, "सिस्टमने कापलंय, बघतो." तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही हो! मग आम्ही एका पानाचा अर्ज केला, त्यात तीनच रकाने, तारीख, कापलेली रक्कम, त्यानंतरची शिल्लक. तिसऱ्या महिन्याची ओळ, जिथे ४२० चे उणे १७० झाले, ती लाल पेनने अधोरेखित केली. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच म्हणून शिक्का, सही, तारीख घेतली. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर मी तिथेच बसून राहतो, घाई असलेल्या माणसाने हे काम हातात घेऊच नये. अकराव्या दिवशी २५३० उलट जमा झाले.

आधीचे १६०० मात्र गेले ते गेलेच, कारण बँकेने एसएमएस पाठवल्याची नोंद दाखवली आणि खात्याला जोडलेला नंबर होता भाच्याचा बंद पडलेला. सिम बदललं की आधी बँकेत नंबर बदला.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका, फसवणारे तिथेच बसलेत, नंबर पासबुकवरून किंवा कार्डामागून घ्या. बँकांच्या तक्रारी बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पहिल्याच दिवशी धावू नका, तक्रार परत येते. आधी बँकेकडे लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही की मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर टाका, फी लागत नाही, माहितीला १४४४८ नंबर आहे. पैसे घेऊन तक्रार भरून देणारे एजंट तर मला बिलकूल पटत नाहीत, एका पानाचं काम आहे.

आणि महिनाअखेर दहा हजार दाखवले की झालं हा गैरसमज काढा. बऱ्याच बँका सरासरी धरतात, रोजच्या शेवटच्या शिलकीची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ३०,००० फक्त दहा दिवस राहिले तरी दहा हजारांची सरासरी भरते, पण शेवटच्या दिवशी १०,००० टाकले तर सरासरीत ३३३ रुपयेच धरले जातात. आईबाबांचं खातं नुसतं पेन्शनपुरतं असेल तर ते बेसिक सेव्हिंग, म्हणजे बीएसबीडी, करून घ्या, त्याला मिनिमम बॅलन्सच नाही, फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही.

पैसे परत आले की पासबुक पुन्हा छापा आणि प्रत्येक एन्ट्री अर्जाशी ताडून बघा. एका काकूंना ५०० च परत आले होते, जीएसटीचे ९० राहिले, त्यासाठी दुसरा अर्ज द्यावा लागला.