मुंबईला निघताय? ब्लॉक घेतला का?

आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या वेळी आम्ही सांगलीहून रात्रीच्या महालक्ष्मीने गेलो. फाइल चोख, तारखेप्रमाणे लावलेली. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "ब्लॉक आणलाय?" मी म्हटलं, कसला ब्लॉक? झालं. परत सांगली, दहा दिवस पाण्यात. आता मावशीला गाठ निघालीय, म्हणून आधीच लिहून ठेवते.

आधार कार्ड, जुनी मॅमोग्राफी, डबा हे सांगायला नको.

ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली छोटी वडी. ती आणि काचेच्या स्लाइड लॅबमध्येच राहतात, मागितल्याशिवाय कोणी हातात देत नाही. अर्ज द्या, दोन दिवस आधी द्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. आणि मेण आहे ते, एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका!

एवढा आटापिटा हर-टूसाठी, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवरच्या एका प्रथिनासाठी. ० किंवा १+ आलं तर निगेटिव्ह धरतात, ३+ पॉझिटिव्ह. २+ म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मग फिश नावाची तपासणी लागते. ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. आईचं २+ होतं. फिश ब्लॉकमधल्या तुकड्यावर होते, माझ्या चोख फाइलवर नाही.

रिपोर्ट आदल्या दिवशी वाचा, गाडीत नको. आमच्या काकांनी 'ग्रेड ३' वाचलं आणि "तिसरी स्टेज" म्हणून मिरजेपासून कराडपर्यंत फोन केले. ग्रेड म्हणजे पेशी दिसायला किती बिघडल्यात ते. स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि पसरलीय कुठवर. काखेतल्या गाठींपुढे २/१४ असेल तर १४ तपासल्या, दोनांत कॅन्सर सापडला. ईआर-पीआर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह ही त्यातल्या त्यात बरी बातमी, हार्मोनच्या गोळ्या लागू पडतात. मात्र त्या बहुधा पाच वर्षं तरी घ्याव्या लागतात. रिपोर्टमधलं मार्जिन, के-आय ६७ म्हणजे काय ते डॉक्टरांनाच विचारा.

"पुढं कसं?" हे डॉक्टरांना विचारण्याआधी उत्तर पेशंटला ऐकायचंय का, ते तिलाच विचारा. आम्ही आईला बाहेर बाकावर बसवलं. तिला आमच्या तोंडावरूनच कळलं, आणि ती आठवडाभर बोलली नाही.

योजनेचे कागद, झेरॉक्स, राहायची सोय, बघालच तुम्ही. ब्लॉक हातातल्या पर्समध्ये. सीटखालच्या बॅगेत नको.